तबकडीची दुसरी बाजू

चित्रपटांतल्या चार लावण्या ऐकून शाहिरी कवितेविषयीं मत देणारा मनुष्य जसा राम जोशी आणि परशराम यांना ओळखत नाहीं, तसाच रस्त्यानें जाणाऱ्या मोटारींतून कानांवर आदळलेलीं पांच-सहा गाणीं ऐकून ‘रॅप’ नांवाच्या अमेरिकन काव्यप्रकाराविषयीं मत देणारा मनुष्य त्या प्रकाराला ओळखत नाहीं. सुशिक्षित घरांतून या गाण्यांवर जे आक्षेप घेतले जातात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांत सूर नाहीं, नुसती बडबड आहे, शिव्या आहेत, पैशाची आणि पिस्तुलाची फुशारकी आहे. हे आक्षेप सर्वस्वीं खोटे आहेत असें त्या कलेचा अभिमानीहि म्हणणार नाहीं. तो एवढेंच म्हणेल कीं, जीं गाणीं ऐकून हें मत बनलें तीं दुकानदारानें दर्शनी भागांत मांडलेलीं होतीं. आंतल्या फडताळापर्यंत कोणी गेलेंच नाहीं.

या कलेच्या खऱ्या रसिकाची एक खूण सांगतां येते. सर्वांच्या तोंडीं असलेलें गाणें लागलें म्हणजे तो नम्रपणें ऐकून घेतो, आणि तें संपल्यावर हळूच विचारतो, ‘याच तबकडीची दुसरी बाजू ऐकली आहे काय?’ लहान तबकडीच्या एका बाजूस, कंपनीला जें खपेल असें वाटे तें गाणें असे. दुसऱ्या बाजूस, ती रिकामी राहूं नये म्हणून घातलेलें गाणें असे. रसिकाचा जीव बहुधा या दुसऱ्या बाजूंत गुंतलेला असतो. लोक त्याला विक्षिप्त म्हणतात, कोणी अहंमन्यहि म्हणतात. तथापि ही कला जन्मली कशी हें पाहिलें म्हणजे कळून येतें कीं, तो आपल्या परंपरेला धरूनच वागत आहे.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागांत, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एक घरगुती स्वरूपाचा नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. सिंडी कँपबेल नांवाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वीं नवे कपडे घ्यावयाचे होते. त्यासाठीं पैसे उभे करावे म्हणून तिनें इमारतींतील सामायिक दालन घेतलें आणि मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट असा प्रवेशाचा दर ठेवला. तबकड्या वाजविण्याचें काम तिच्या भावाकडे होतें. अठरा वर्षांचा हा क्लाइव्ह जमेका बेटांत जन्मलेला. तो ‘कूल हर्क’ या नांवानें ओळखला जातो. नाचणाऱ्यांकडे पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. तमाशाच्या फडावर गाणें थांबतें आणि ढोलकीवाला एकटाच रंगांत येतो, तसा कांहीं तबकड्यांत एक क्षण येतो. गवई गप्प होतो आणि केवळ ताल उरतो. नाचणारे त्याच क्षणाची वाट पाहत असतात. परंतु तो कांहीं सेकंदांतच संपतो. हर्कनें युक्ति काढली कीं, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवावयाच्या. एकीवरचा तालाचा तुकडा संपतांच दुसरीवरचा सुरू करावयाचा, आणि असें आळीपाळीनें करीत सेकंदांचीं मिनिटें करावयाचीं. त्या लांबविलेल्या तालावर कोणी मायक्रोफोन हातीं घेऊन यमकबद्ध बोलूं लागला. या बोलण्याचेंच पुढें रॅप झालें, आणि तबकडी, बोल, नृत्य व भिंतीवरील चित्रें मिळून जी संस्कृति बनली तिला ‘हिप-हॉप’ हें नांव पडलें.

आतां हे तालाचे तुकडे कोठून येत? प्रसिद्ध गाण्यांतून फार थोडे. ‘इन्क्रेडिबल बोंगो बँड’ नांवाच्या, केवळ ध्वनिमुद्रणापुरत्या जमविलेल्या वादकांच्या संचानें १९७३ सालीं ‘अपाची’ ही जुनी धून नव्यानें वाजविली होती. बाजारांत त्या मुद्रिकेचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. परंतु तिच्यांत ढोलताशांचा एक लांबलचक तुकडा होता. हर्कच्या हातीं ती लागली आणि दुकानदारांनीं मागें टाकलेली ती मुद्रिका ब्राँक्सच्या उत्सवांत आरतीसारखी आवश्यक होऊन बसली. हर्क तर आपल्या तबकड्यांवरचे कागद पाण्यांत भिजवून काढून टाकीत असे, हेतु हा कीं, प्रतिस्पर्ध्यांना नांव कळूं नये. जगांत सर्वत्र कलावंत आपल्या मालावर नांव छापण्यासाठीं धडपडतो. येथें एक कला अशी निघाली कीं, तिचें सर्व सामर्थ्य एखाद्या विसरलेल्या गाण्याचें नांव फक्त आपल्याला ठाऊक असण्यांत होतें. अप्रसिद्ध गाण्याचा शोध हा या कलेच्या शेवटीं जडलेला छंद नव्हे. तो तिचा पाया आहे.

याच्या उलट, प्रसिद्धीनें काय केलें तें १९७९ च्या एका गाण्यावरून दिसतें. ‘रॅपर्स डिलाइट’ हें ‘शुगरहिल गँग’चें गाणें अमेरिकाभर वाजलें आणि रॅप हा शब्द घरोघर पोंचला. त्या मंडळींपैकीं एकानें म्हटलेले बोल मूळचे ब्राँक्समधील ‘ग्रँडमास्टर कॅझ’ या कवीचे होते. ते इतके जसेच्या तसे घेतले गेले कीं, कॅझनें त्यांत एकेक अक्षर उच्चारून गुंफलेलें स्वतःचें जुनें टोपणनांवहि तसेंच राहून गेलें. कॅझला त्या गाण्याचें श्रेय मिळालें नाहीं आणि मोबदलाहि मिळाला नाहीं. म्हणजे लक्षावधि लोक जें गाणें पाठ म्हणत होते त्यांत खऱ्या कवीची नाममुद्रा होती. आपल्या अभंगांत ‘तुका म्हणे’ असावें तशी. आणि तरीहि तो कवि कोणाला ठाऊक नव्हता! अप्रसिद्ध गाण्यांचा रसिक जेव्हां कॅझचें नांव आग्रहानें घेतो तेव्हां तो पांडित्य मिरवीत नसून एका जुन्या देण्याची फेड करीत असतो.

त्याच १९७९ सालीं आणि त्याच कंपनीनें ‘फंक यू अप’ हें गाणें बाजारांत आणलें. तें ‘द सीक्वेन्स’ या दक्षिण कॅरोलायना राज्यांतील कोलंबिया गांवच्या तीन मुलींच्या मंडळाचें होतें. रॅप ही न्यूयॉर्कच्या पुरुषांची मिरासदारी, स्त्रिया त्यांत मागाहून आल्या, असें पुष्कळांना वाटतें. हें गाणें त्या समजुतीला पहिल्याच वर्षांत उत्तर देऊन बसलें आहे. तिघींचे आवाज एकमेकींच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे येतात. एक बोलते, दुसरी तिचा शेवटचा शब्द उचलते, तिसरी तो हंसत पुढें नेते. मंगळागौरीच्या खेळांत उखाण्याला उखाणा देतांना जी चढाओढ असते तिची आठवण व्हावी असा तो रंग आहे. त्या तिघींपैकीं अँजी पुढें अँजी स्टोन या नांवानें गायिका म्हणून नांवारूपास आली व २०२५ सालीं मोटार-अपघातांत मरण पावली. परंतु तिच्या पहिल्या गाण्याचें नांव आज किती जणांना सांगतां येईल?

दुसरें उदाहरण शिक्षकवर्गाला अधिक जवळचें वाटेल. रॅपमध्यें सामाजिक आशय आला तो १९८२ च्या ‘द मेसेज’ या गाण्यानें, असें सामान्यतः सांगतात. तें गाणें थोर आहे यांत शंका नाहीं. त्याचा प्रमुख लेखक ड्यूक बूटी हा पुढें जॉर्जिया राज्यांतील सव्हाना येथें महाविद्यालयांत शिकवूं लागला. पण त्याच्या दोन वर्षें आधीं, १९८० सालीं, ‘ब्रदर डी’ या नांवानें ब्रुकलिनमधील एका गणिताच्या शिक्षकानें एक मुद्रिका काढली होती. तिचें नांव ‘हाऊ वुई गॉना मेक द ब्लॅक नेशन राइज’. कृष्णवर्णीयांचें राष्ट्र उभें कसें करावयाचें, हा प्रश्नच तिचें शीर्षक होतें. इतर सर्व जण नाचा, टाळ्या वाजवा, असें सांगत असतां हा गुरुजी त्याच तालावर श्रोत्यांना जागे व्हा म्हणत होता. चाल नाचण्याचीच, परंतु बोल फळ्यावर उदाहरण मांडावें तसे पायरीपायरीनें येणारे. मुद्रिका एका लहानशा कंपनीची असल्यामुळें फार दूर गेली नाहीं. पहिलेपणाचा मान ‘द मेसेज’कडे गेला, आणि गणिताचे मास्तर तळटीपेंत राहिले.

कित्येकदां तर तबकडीची दुसरी बाजूच इतिहास घडविते. १९८४ सालीं ‘यू. टी. एफ. ओ.’ या मंडळाच्या तबकडीवर ‘रॉक्सॅन, रॉक्सॅन’ हें गाणें मागील बाजूस घातलेलें होतें. आपल्याकडे न पाहणाऱ्या एका मुलीची त्यांत थट्टा होती. लोकांना तीच बाजू आवडली. त्यावर क्वीन्सब्रिज येथील गरीबवस्तींत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलीनें, रॉक्सॅन शांटे हें नांव घेऊन, त्या काल्पनिक मुलीच्या वतीनें उलट उत्तर मुद्रित केलें. चौदाव्या वर्षीं मुली शाळेंत वही पुढें ओढून उत्तर लिहितात. हिनें तोंडानें दिलें, आणि तें असें ठणठणीत होतें कीं, त्याला प्रत्युत्तर देणाऱ्या मुद्रिकांची नुसती रांग लागली. कलगी आणि तुरा यांच्या सवाल-जबाबांवर पोसलेल्या महाराष्ट्राला ही गंमत निराळी समजावून देण्याची गरज नाहीं.

येथवर इतिहासाची गोष्ट झाली. परंतु एखादें गाणें केवळ आधीं झालें म्हणून रसिक त्यावर प्रेम करीत नाहीं. त्याला कारागिरी दिसते म्हणून तो थांबतो. क्वीन्स विभागांतील ‘ऑर्गनाइझ्ड कन्फ्यूजन’ या दोघांच्या मंडळाचें ‘स्ट्रे बुलेट’ हें १९९४ चें गाणें पाहावें. ‘स्ट्रे बुलेट’ म्हणजे नेम चुकून भलत्यालाच लागणारी गोळी. मराठी शाळांतून मुलांना ‘फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त’ असे निबंध घालण्याची जुनी रीत आहे. या दोघा कवींनीं नेमका तोच निबंध लिहिला आहे, फक्त बोलणारी वस्तु बंदुकीची गोळी आहे. ती नळींतून सुटते, वस्तींतून धांवते. तिला कोणाचाहि राग नाहीं आणि कोणाची दयाहि नाहीं. गोळी निर्विकारपणें बोलते म्हणूनच ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. पिस्तुलाची फुशारकी मारणारीं गाणीं लाखांनीं खपत होतीं त्याच काळांत, पिस्तुलासमोर उभें राहून त्याचा खरा अर्थ सांगणारें हें गाणें निघालें. दोनच वर्षांनीं, १९९६ सालीं, नाझ या विख्यात कवीनें बंदुकीच्या तोंडून बोलणारें एक गाणें आपल्या संग्रहांत घातलें, आणि तो संग्रह विक्रीच्या यादींत अग्रभागीं पोंचला. नाझचें गाणें उत्तम आहे. पण तें ऐकणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना त्याच्या आधींची ती गोळी ठाऊक असते.

भाषेच्या खेळाचें उदाहरण पाहिजे असेल तर कॅलिफोर्नियांतील ‘ब्लॅकॲलिशस’ या जोडीचें १९९९ मधील ‘अल्फाबेट एरोबिक्स’ ऐकावें. ‘गिफ्ट ऑफ गॅब’ हें नांव धारण करणाऱ्या टिमथी पार्करनें त्यांत इंग्रजी वर्णमालेंतील सव्वीस अक्षरें क्रमानें घेतलीं आहेत. एकेका अक्षराच्या वांट्याला येणाऱ्या ओळींतील शब्द बहुतांशीं त्याच अक्षरानें सुरू होतात. तेवढ्यानें भागत नाहीं. ताल प्रत्येक पायरीला थोडाथोडा जलद होत जातो, आणि शेवटच्या अक्षरापाशीं पोंचेपर्यंत ऐकणाराच धापा टाकूं लागतो. ओठ न लागतां म्हणतां येईल असें निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या भाषेंत वाढलेल्या माणसाला या खटाटोपाचें मोल चटकन कळावें. बिकट नियम स्वतःवर लादून घेऊन त्यांत मोकळेपणानें हिंडून दाखविणें, ही पंडित कवींची हौस ओकलंड आणि सॅक्रामेंटोच्या तरुणांतहि होती. हें गाणें पंधरा वर्षें मोजक्या रसिकांचेंच राहिलें. २०१४ सालीं डॅनियल रॅडक्लिफ या इंग्रज नटानें तें एका दूरदर्शन-कार्यक्रमांत म्हणून दाखविलें, तेव्हां कोठें जगानें त्याकडे मान वळविली. पार्कर मूत्रपिंडाच्या विकारानें २०२१ सालीं वारला.

शिव्यांच्या आक्षेपाचेंहि उत्तर अप्रसिद्ध बाजूलाच सांपडतें. १९८९ च्या डिसेंबरपासून लॉस एंजेलिसमध्यें ‘गुड लाइफ’ नांवाच्या एका आरोग्यदायी पदार्थांच्या उपाहारगृहांत दर गुरुवारीं रात्रीं रॅपची खुली बैठक भरूं लागली. तिचा एक कडक नियम होता: व्यासपीठावर अपशब्द उच्चारावयाचा नाहीं. दुसरा दंडक श्रोत्यांनींच घालून दिलेला. बोल शिळे किंवा कच्चे निघाले कीं, ‘कृपा करून मायक्रोफोन पुढें द्या’ असा एकमुखानें घोष होई आणि म्हणणाऱ्याला उतरावें लागे. मग तो बाहेरून आलेला नामांकित कां असेना. याच शहरांतून त्याच वर्षांत शिवराळ आणि हिंसक रॅपच्या मुद्रिका सर्व देशभर पसरत होत्या, आणि जगानें लॉस एंजेलिसचा आवाज म्हणून तोच ओळखला. या उपाहारगृहांत तयार झालेल्या ‘फ्रीस्टाइल फेलोशिप’ या मंडळाचें ‘इनर सिटी बाउंडरीज’ हें १९९३ मधील गाणें ऐकलें म्हणजे नियमानें जीभ बांधली जात नसून ती कशी तयार होते हें उमगतें. त्यांतील बोल जाझमधल्या सनईवजा वाद्यासारखे वरखालीं धांवतात, तालाच्या मागें रेंगाळतात आणि समेवर अचूक येऊन उभे राहतात. त्या बैठकींत स्वतः भाग घेणारी एक तरुणी, आव्हा डुव्हर्ने, पुढें चित्रपट-दिग्दर्शिका झाली. तिनें २००८ सालीं ‘धिस इज द लाइफ’ या माहितीपटांत या बैठकीची हकीकत जतन करून ठेविली. तसें झालें नसतें तर हा सर्व प्रकार त्या गुरुवारच्या श्रोत्यांबरोबरच संपला असता.

घरगुती जिव्हाळा या काव्यांत नसतो, असाहि एक समज आहे. ओकलंडच्या ‘द कूप’ या मंडळाचा ‘पार्टी म्यूझिक’ हा संग्रह २००१ सालीं निघाला. त्याचें मुखपृष्ठ न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत स्फोट होत असल्याचें दाखविणारें होतें आणि तें त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरपूर्वींच तयार झालें होतें. प्रत्यक्ष अनर्थ घडतांच तें मागें घ्यावें लागलें व त्यावर वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले गेले. मुखपृष्ठ गाजलें, आंतल्या काव्याकडे मात्र त्या मानानें थोड्यांचेंच लक्ष गेलें. त्या संग्रहांत बूट्स रायलीनें आपल्या लहान मुलीला उद्देशून केलेलें ‘वेअर क्लीन ड्रॉज’ हें गाणें आहे. आंतले कपडे स्वच्छ घालीत जा, या शीर्षकांतल्या आजीबाईच्या उपदेशापासून तें सुरू होतें, आणि कोणापुढें लाचार होऊं नकोस, स्वतःचें मोल ओळख, येथपर्यंत जातें. बापाच्या आवाजांत धाक नाहीं, काळजी आहे. मुलगी सासरीं निघतांना ओटीवर बसून चार शब्द सांगणारा बाप आणि हा बाप यांच्यांत भाषेपलीकडे फारसें अंतर उरत नाहीं.

अशीं गाणीं टिकलीं कशीं? यांत नभोवाणीचा आणि सामान्य श्रोत्यांचा वांटा मोठा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या ‘डब्ल्यू. के. सी. आर.’ या केंद्रावरून १९९० ते १९९८ पर्यंत, स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबितो गार्सिया हे दोघे आठवड्यांतून एकदां, मध्यरात्र उलटल्यावर, रॅपचा कार्यक्रम करीत. ज्यांच्याशीं अद्याप कोणत्याहि कंपनीनें करार केलेला नाहीं अशा मुलांना ते बोलावून घेत. नाझ, जे-झी, नोटोरियस बी. आय. जी. हे पुढील काळांतील कीर्तिमान त्या पहांटेच्या प्रहरीं उमेदवार म्हणून आले होते. त्यांच्याच बरोबरीनें आलेले आणि पुढें मागें पडलेले कितीतरी होते. श्रोते जागत बसून हा कार्यक्रम कॅसेटींवर उतरवून घेत, मित्रांना प्रति काढून देत, आणि त्या प्रति हातोहात दूरच्या शहरांत जात. आज त्या आवाजांपैकीं जे उरले आहेत ते बव्हंशीं या कॅसेटींमुळें. ओव्या जशा बायकांच्या कंठांत टिकल्या, तशीं हीं गाणीं झोपमोड करून घेणाऱ्या मुलांच्या पेट्यांत टिकलीं.

परंतु सर्वच गाण्यांना असे राखणदार मिळत नाहींत. १९९१ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या न्यायालयानें बिझ मार्की या कलावंताविरुद्ध निकाल दिला. जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीवांचून नव्या गाण्यांत जोडणें ही चोरी होय असें ठरलें, आणि त्याचा संग्रह दुकानांतून काढून घ्यावा लागला. मूळ संगीतकाराचा हक्क रास्त आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला कीं, ज्या गाण्यांत असे अनेक तुकडे गुंफलेले होते त्यांचें पुनर्मुद्रण म्हणजे वकिलांचें काम होऊन बसलें. ‘डी ला सोल’ या मंडळाचा १९८९ चा पहिला संग्रह मान्यवरांनीं वाखाणलेला; तरीहि हक्कांच्या गुंत्यामुळें, बाकी सारें संगीत इंटरनेटवर एका बोटाच्या अंतरावर आलें असतां, त्यांचे आरंभींचे संग्रह तेथें वर्षानुवर्षें नव्हते. ते ३ मार्च २०२३ रोजीं उपलब्ध झाले. तिघांपैकीं एक, डेव्हिड जोलिकर, त्याच्या आधीं तीन आठवडेहि पुरते नसतांना, १२ फेब्रुवारीला निवर्तला. एका पिढीला जीं गाणीं मिळालींच नाहींत तीं पुन्हां मिळालीं. पण त्यांच्या कर्त्यांतल्या एकाला तो दिवस पाहतां आला नाहीं. नामवंतांची ही कथा. मग ज्यांचें नांवच कोणास ठाऊक नाहीं त्यांच्या गाण्यांसाठीं वकील कोण देणार?

एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. अप्रसिद्ध तें सर्व उत्तम, असें मुळींच नाहीं. पुष्कळ गाणीं विसरलीं गेलीं तीं विसरण्याजोगींच होतीं म्हणून. आणि जें कोणाला ठाऊक नाहीं तें केवळ आपल्याला ठाऊक आहे या आनंदांत गाण्यापेक्षां आपल्या कानाचेंच कौतुक अधिक होण्याचा धोका असतो. हर्कनें तबकडीवरचा कागद धुऊन काढला तो स्पर्धेचा काळ होता. आजच्या रसिकाचें काम नेमकें उलट आहे. त्यानें तो कागद पुन्हां चिकटवावयाचा आहे. गाणें कोणाचें, बोल कोणाचे, ताल कोणत्या जुन्या मुद्रिकेंतून घेतला, हें सांगावयाचें आहे. कॉर्नेल विद्यापीठानें २००७ सालापासून हिप-हॉपच्या मुद्रिका, जाहिरातींचे कागद व छायाचित्रें यांचा संग्रह चालविला आहे, तो याच जाणिवेनें.

ब्राँक्सहून निघालेली ही रीत जगभर पसरत मुंबईलाहि पोंचली, आणि येतांना आपलें जुनें भाग्यहि बरोबर घेऊन आली. २०१९ सालीं ‘गली बॉय’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि मुंबईचें रॅप म्हणजे त्या चित्रपटांतलीं गाणीं, असें घरोघर ठरून गेलें. त्याच वर्षीं मुंबईच्या ‘स्वदेशी’ या तरुण मंडळानें आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हें गाणें केलें. जंगलावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क आणि वाढत्या शहराची भूक, हा त्याचा विषय. भोईरांच्या आवाजांत मातीचें वळण आहे, तरुणांच्या बोलांत लोकलगाडीची घाई आहे, आणि दोन्ही एकाच तालावर परस्परांना वाट देतात. तें गाणें जेथल्या झाडांविषयीं आहे तीं झाडें मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवरचीं. परंतु चित्रपटांतलें गाणें ओळखणाऱ्या किती घरांत हें वाजलें असेल?

म्हणून ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कानांला यंत्र लावून हीं गाणीं ऐकत असेल, त्या घरांतील वडील मंडळींनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. ‘तें बंद कर’ म्हणण्यापूर्वीं, ‘यांतलें जें कोणी ऐकत नाहीं आणि तुला आवडतें, तें एक ऐकीव’ असें म्हणावें. मुलें हा प्रश्न सहसा विसरत नाहींत. बोल कळले नाहींत तर अर्थ विचारावा. बहुतेक मुलांना तो सांगावयाचाच असतो, विचारणारा मात्र भेटलेला नसतो. एकदां ऐकून कांहीं हातीं लागणार नाहीं. दुसऱ्यांदा ताल ओळखीचा होईल. तिसऱ्यांदा एखादें यमक मनांत राहील. मग तें गाणें आवडो वा न आवडो, मत देण्याचा अधिकार तरी मिळालेला असेल. आणि ब्रुकलिनच्या त्या गणिताच्या मास्तरांचें, कोलंबियाच्या त्या तीन मैत्रिणींचें, कीं कॅझचें नांव आणखी एका घरांत उच्चारलें गेलेलें असेल.